आडनावे बुडतात कशी?

उद्या शाळेत गेलात की एक काम करा. वर्गशिक्षकांची परवानगी घेऊन तुमच्या वर्गाचा हजेरीपट पाच मिनिटांसाठी मागून घ्या. रोज सकाळी तो वाचला जातो. आपले नाव आले की आपण ‘हजर’ म्हणतो आणि पुन्हा शेजाऱ्याशी बोलू लागतो. बाकीची नावे नुसती कानांवरून जातात. उद्या ती डोळ्यांनी वाचा, आणि तीही फक्त आडनावे.

पहिल्या वाचनातच त्यांचे गट पडू लागतील. कुलकर्णी, देशमुख, पाटील, देशपांडे ही आडनावे मुळात हुद्दे होत. लोहार, सुतार, सोनार, कुंभार यांत धंदा आहे. शेवटी ‘कर’ असलेल्यांत गाव दडलेले आहे. वाघ, कोल्हे, लांडगे यांत रान आहे, तर गोडबोले, एकबोटे यांत कोणा पूर्वजाला शेजाऱ्यांनी चिकटवलेले टोपणनाव. आणि एखाद्या वर्गात पाचपुते, सातपुते किंवा अष्टपुत्रेही सापडतील. या शेवटच्या तीन आडनावांवर बोट ठेवून ठेवा. त्यांच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

‘भौतिकशास्त्राच्या मास्तराने आडनावांच्या भानगडीत का पडावे?’ असे तुम्ही म्हणाल. पण आमचे पुस्तक उघडले तरी आडनावेच भेटतात. बलाचे एकक न्यूटन. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘नवे’ आणि ‘वस्ती’ अशा दोन शब्दांपासून झाला आहे. म्हणजे सर आयझॅक हे आपल्याकडे जन्मते तर नवगावकर झाले असते! इलेक्ट्रॉन शोधणारे थॉमसन म्हणजे ‘थॉमचा मुलगा’. याच आडनावाचे दुसरे एक शास्त्रज्ञ, विल्यम थॉमसन, यांना १८९२ मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा त्यांनी ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव घेतले. तेव्हा तापमान केल्विनमध्ये मोजताना आपण एका नदीचे नाव घेत असतो. गंमत अशी की, लॉर्ड केल्विन यांना मूलबाळ नव्हते. १९०७ मध्ये ते वारले आणि ती सरदारकी पहिल्याच पिढीत संपली. एकक मात्र राहिले.

आपल्या रामन यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये. हे दोघे सख्खे काका-पुतणे, पण नावांवरून तुम्हाला ते मुळीच ओळखू येणार नाही. कारण तमिळ पद्धतीत वडिलांचे नाव आधी आणि स्वतःचे नंतर. रामन यांच्या वडिलांचे नाव चंद्रशेखर. रामन यांच्या थोरल्या भावाचे नाव सुब्रह्मण्यन्. आणि त्या भावाने मुलाला आजोबांचे नाव ठेवले. ज्याला आपण आडनाव समजतो ते यांत कुठेच नाही.

सरकारला नावे हवी होती

आडनाव ही वस्तू आपल्याला सूर्यचंद्रांइतकी जुनी वाटते. तसे नाही. चीनमध्ये ती हजारो वर्षे जुनी आहे, इंग्लंडमध्ये साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांत ती रुजली, पण जगाच्या बऱ्याच भागांत ती कायद्याने आणि अगदी अलीकडे आलेली आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १७८७ मध्ये आपल्या राज्यातल्या ज्यू प्रजेला कायमची जर्मन आडनावे घ्यायला लावली. जपानमध्ये १८७५ मध्ये प्रत्येकाने आडनाव लावलेच पाहिजे असा हुकूम निघाला. त्याच्या काही वर्षे आधीपर्यंत सामान्य शेतकऱ्याला सरकारदरबारी आडनाव लावण्याची मुभाच नव्हती. थायलंडमध्ये १९१३ साली राजा वज्रायुध याने कायदा केला, आणि एका घराण्याचे आडनाव दुसऱ्याने घ्यायचे नाही अशी अटही घातली. म्हणून थाई आडनावे एवढी लांबलचक आणि संस्कृत शब्दांनी भरलेली असतात. छोटी नावे लवकरच संपली. तुर्कस्तानात १९३४ चा कायदा. त्याच वर्षी तिथल्या संसदेने मुस्तफा केमाल यांना ‘अतातुर्क’ म्हणजे तुर्कांचा पिता हे आडनाव दिले.

एवढी घाई कशासाठी? कर गोळा करायला, फौजेत भरती करायला, जमिनीची नोंद ठेवायला. गावातल्या गावात ‘वरच्या आळीचा गणपत’ एवढे पुरते. दूर राजधानीत बसलेल्या कारकुनाला ते पुरत नाही.

धंद्यांची नावे मात्र कायद्याची वाट पाहत बसली नाहीत. इंग्रजीतले स्मिथ, जर्मन श्मिट, हंगेरीतले कोवाच, रशियन कुझ्नेत्सोव, इटालियन फेरारी, अरबी हद्दाद आणि आपले लोहार यांची एकमेकांशी ओळखदेख नाही, पण ही सगळी एकाच भात्यापुढे बसलेली माणसे. गावात शेतकरी शंभर असत आणि लोहार एकच. म्हणून ‘लोहाराकडचा’ म्हटले की पत्ता लागे.

‘कर’चीही तीच तऱ्हा. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून उपयोग नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. गाव सोडून दुसरीकडे गेला की तो अमुककर होतो. म्हणजे ‘कर’ हे बहुधा स्थलांतराचे चिन्ह आहे. कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल समाजाकडे पाहा. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावला फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागले. पेणकर, नवगावकर, किहीमवरून केहिमकर अशी त्यांची आडनावे झाली. त्यांतले पुष्कळ लोक १९४८ नंतर इस्रायलमध्ये गेले आणि कोकणातली ही छोटी गावे त्यांच्या नावांतून भूमध्य समुद्राकाठी पोहोचली. गोव्यात उलटा प्रवास झाला: सोळाव्या शतकापासून बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे आली. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. थॉमसन यांचाच हा चुलतभाऊ म्हणा ना!

एक सरदारी कोडे

आडनावे जन्मतात कशी ते थोडेफार पाहिले. आता ती मरतात कशी ते पाहू. माझा खरा विषय हाच आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लोकांच्या ध्यानात आले की मोठमोठ्या घराण्यांची आडनावे नाहीशी होत आहेत. मग चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे, सुखासीनतेमुळे ही घराणी निःसत्त्व होतात. फ्रान्सिस गाल्टन हे चार्ल्स डार्विन यांचे नातेवाईक. मोजमापाचे मोठे वेडे. (आनुवंशिकतेने माणसांची प्रतवारी लावण्याची त्यांची कल्पना पुढे फार अनर्थकारक ठरली, हेही इथेच सांगून टाकतो.) पण या प्रसंगी त्यांनी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला. आधी कारणे शोधत बसण्यापेक्षा, निव्वळ योगायोगाने किती आडनावे बुडतील ते मोजायला नको का? १८७३ मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’ या नियतकालिकात त्यांनी हे कोडे घातले: एका प्रदेशात अनेक पुरुष आहेत, प्रत्येकाचे आडनाव वेगळे. प्रत्येक पिढीत अमुक टक्के पुरुषांना मोठा होणारा एकही मुलगा नसतो, अमुक टक्क्यांना एक, अमुक टक्क्यांना दोन, असे पाचपर्यंत. तर इतक्या पिढ्यांनंतर किती आडनावे बुडालेली असतील?

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी वीज गेली, प्रात्यक्षिक होईना, तेव्हा अकरावीच्या वर्गात आम्ही हे कोडे नाण्यांनी सोडवायला घेतले. तुम्हीही करून पाहा. वर्गात बत्तीस जण होते, म्हणून बत्तीस आडनावे. नियम साधा: प्रत्येक पुरुषाच्या वाट्याला दोन नाणी. छापा पडला तर एक मुलगा, काटा पडला तर नाही. म्हणजे दोन्ही काटे आले तर मुलगा नाही, एक छापा आला तर एक मुलगा, दोन आले तर दोन. सरासरी बरोबर एक येते. तेव्हा गावाची वस्ती सरासरीने वाढतही नाही आणि घटतही नाही. पुढच्या फेरीत प्रत्येक मुलासाठी पुन्हा दोन नाणी. फळ्यावर खडूने आकडे मांडत गेलो.

पाचव्या पिढीला बत्तीसपैकी चौदा आडनावे उरली. दहाव्या पिढीला नऊ. माणसे मात्र सदतीस होती आणि त्यांतली अकरा एकाच आडनावाची! ज्या मुलाचे ते आडनाव होते तो बाकावर उभा राहून सत्कार स्वीकारू लागला. त्याने काय पराक्रम केला होता? नाणी उडवली होती.

आता गणित पाहू. ते तुम्हाला जमेल. एखाद्याचे आडनाव ठरावीक पिढ्यांत बुडायचे असेल तर त्याच्या दोन्ही नाण्यांनी ‘दगा’ द्यायला हवा. एक नाणे दगा कसे देते? एकतर काटा पडतो. त्याची शक्यता अर्धी. किंवा छापा पडतो, मुलगा होतो, पण त्या मुलाचा वंश उरलेल्या पिढ्यांत बुडतो. त्या मुलाचा वंश बुडण्याची शक्यता ‘न’ मानली, तर या दुसऱ्या प्रकाराची शक्यता न भागिले दोन. दोन्हींची बेरीज (१ + न)/२. नाणी दोन, म्हणून याचा वर्ग. सुरुवातीला न = ०. तेव्हा पहिल्या पिढीत अर्ध्याचा वर्ग, म्हणजे ०.२५. हाच आकडा ‘न’ म्हणून पुन्हा सूत्रात घाला: ०.३९. पुन्हा घाला: ०.४८. मग ०.५५, मग ०.६०. पाच पिढ्यांत शंभरांतली साठ आडनावे गेली! असेच पुढे गेलात तर दहाव्या पिढीला ०.७४. एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली, तर अडीचशे-तीनशे वर्षांत शंभरांतली चौऱ्याहत्तर आडनावे पुसली गेली. ना रोगराई, ना दुष्काळ, ना सुखासीनता.

शेवटी काय होईल? शेवटी ‘न’ बदलायचा थांबेल, म्हणजे न = ((१ + न)/२)². हे सोडवले की (न – १)² = ०. उत्तर एकच, न = १. पुरेशी वाट पाहिली तर प्रत्येक आडनाव बुडणारच.

गाल्टन यांचे कोडे रेव्हरंड हेन्री विल्यम वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने सोडवले आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध सादर केला. (वॉटसन म्हणजे वॅटचा, अर्थात वॉल्टरचा मुलगा.) पण इथे वॉटसन यांनी एक चूक केली, आणि ती अशी आहे की परीक्षेत तुमच्यापैकी निम्मे जण करतात. त्यांनी समीकरणाचे एक उत्तर काढले आणि लेखणी खाली ठेवली. न = १ हे उत्तर अशा प्रत्येक समीकरणाला असतेच; त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की वस्ती वाढत असली तरीही सर्व आडनावे बुडतील. दुसऱ्या उत्तराकडे पाहिलेच नाही.

आपण पाहू. दोनऐवजी प्रत्येकाला तीन नाणी द्या. आता सरासरी दीड मुलगा; वस्ती पिढीगणिक दीडपट. समीकरण होते ८न = (१ + न)³. यातून (न – १) हा अवयव बाहेर काढला की न² + ४न – १ = ० उरते, आणि त्याचे धन उत्तर √५ – २, म्हणजे ०.२३६. शून्यापासून सुरुवात करून पायरी पायरीने वर चढणारा ‘न’ आधी याच उत्तरापाशी येऊन थांबतो, एकपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे वाढत्या वस्तीत शंभरांतली सुमारे चोवीस आडनावे बुडतात आणि उरलेली शहात्तर टिकतात. ज्यांना सुवर्ण गुणोत्तर ठाऊक आहे त्यांनी ०.६१८ ची दुप्पट करून एक वजा करून पाहावा. माझ्या डोळ्यांना तरी हा आकडा इथे भेटेल असे वाटले नव्हते.

खरे म्हणजे फ्रान्समधल्या बिएनेमे या गणितज्ञाने १८४५ मध्येच बरोबर उत्तर दिले होते, पण ते सगळे विसरून गेले. मग १९२९ मध्ये हाच प्रश्न डेन्मार्कमध्ये पुन्हा उगवला. विचारणारे होते आग्नर क्रारुप एर्लांग, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ. टेलिफोनच्या वर्दळीचे एकक आज त्यांच्या आडनावाने ओळखले जाते. त्यांच्या मनात कोणते आडनाव होते, सांगा पाहू? एर्लांग नव्हे. त्यांच्या आईच्या माहेरचे ‘क्रारुप’ हे घराणे बुडत चालले होते. एर्लांग स्वतः अविवाहित होते आणि त्याच वर्षी ते वारले. दुसऱ्या वर्षी त्यांचे देशबांधव स्टेफेन्सन यांनी पूर्ण उत्तर प्रसिद्ध केले: सरासरी एक किंवा एकाहून कमी असेल तर आडनाव निश्चित बुडेल, एकाहून जास्त असेल तर टिकण्याची काही शक्यता राहते.

या वाक्यात ‘आडनाव’ काढून ‘न्यूट्रॉन’ घाला. युरेनियम-२३५ चा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. काही निसटतात, काही भलतीकडेच शोषले जातात, काही पुढचा अणू फोडतात. पुढचा अणू फोडणाऱ्यांची सरासरी एकाहून कमी असेल तर साखळी विझते. जास्त असेल तर भडकते. बरोबर एक ठेवली की अणुभट्टी चालते. १९४४ मध्ये लॉस अलामॉसला हॉकिन्स आणि उलाम यांनी हेच गणित न्यूट्रॉनांसाठी मांडले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला आपली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा तिच्या पोटात याच हिशेबाने पिढ्या जन्मत आणि मरत होत्या.

खऱ्या जगात हे दिसते का? चीनकडे पाहा. आडनावे सर्वांत जुनी, म्हणजे सर्वांत जास्त पिढ्यांची चाळणी लागलेली. वांग, ली आणि झांग या तीनच आडनावांची प्रत्येकी सुमारे दहा कोटी माणसे तिथे आहेत, आणि वरच्या शंभर आडनावांत जवळपास पंच्याऐंशी टक्के प्रजा मावते. कन्फ्यूशियस यांच्या कोंग घराण्याची वंशावळ २००९ मध्ये नव्याने छापली, तिच्यात वीस लाखांवर नावे भरली. वंश टिकला तर तो लहान राहत नाही, हे आम्ही फळ्यावर पाहिलेच होते. उलट जपानमध्ये आडनावे जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी सर्वांना मिळाली. तिथे ती लाखाच्या वर आहेत, कारण चाळणी आत्ताच सुरू झाली आहे. दक्षिण कोरियात पाचातला एक माणूस किम असतो. पण तिथे सगळे श्रेय नाण्याला देता येणार नाही. सामान्य लोकांनी प्रतिष्ठित घराण्यांची आडनावे आपणहून घेतली, हेही मोठे कारण आहे. २०२४ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातले हिरोशी योशिदा यांनी आकडेमोड करून सांगितले की, नवराबायकोचे आडनाव एकच हवे हा कायदा असाच राहिला तर २५३१ साली सगळे जपानी ‘सातो’ होतील! एका वर्षाच्या वाढीवरून पाचशे वर्षांचा अंदाज बांधणे मला पटत नाही. ते त्यांनाही ठाऊक असणार. त्यांना कायद्याकडे लक्ष वेधायचे होते.

सर, मुली कुठे गेल्या?

आता पुन्हा आमच्या वर्गात या. ज्या मुलीचे आडनाव पहिल्याच फेकीत बुडाले होते, ती उरलेला सगळा वेळ गप्प बसून फळ्याकडे पाहत होती. तास संपता संपता तिने हात वर केला.

“सर, माझे दोन्ही काटे पडले म्हणून तुम्ही शून्य लिहिलेत.”

“हो. नियमच तसा आहे.”

“पण काटा म्हणजे मूल नाही असे कशावरून? मुली झाल्या असतील ना?”

मी खडू खाली ठेवला. तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. गाल्टन यांनी कोड्यातच लिहून ठेवले होते की आपण फक्त पुरुष मोजायचे. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते म्हणून हिशेबापुरती ती सोय. पण फळ्यावर आम्ही ‘वंश बुडाला’ असे लिहीत होतो. वंश कुठे बुडाला होता? फक्त आडनाव बुडाले होते.

मग मी तिला विचारले, “आता मुलग्यांना बाहेर ठेवून फक्त मुली मोजल्या तर?” ती म्हणाली, “गणित तेच येईल, सर.” आणि ते तसेच येते. आपल्या पेशींत तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, असतात. त्यांचे स्वतःचे डीएनए असते आणि ते आईकडूनच मुलांना मिळते. मुलगा ते पुढे देत नाही, मुलगी देते. म्हणजे निसर्गाने आईच्या बाजूने चालवलेले हे आडनावच. १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगातल्या निरनिराळ्या भागांतल्या १४७ जणांचे हे डीएनए ताडून पाहिले. त्याचा माग आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत जातो. आजच्या अंदाजाने ती सुमारे दीड ते दोन लाख वर्षांपूर्वी होऊन गेली. त्या काळी ती एकटीच बाई होती असे नव्हे! तिच्याबरोबर हजारो स्त्रिया होत्या, आणि त्यांचेही रक्त आपल्यात असेल. पण त्यांची निव्वळ मुलीकडून मुलीकडे जाणारी साखळी कुठे ना कुठे तुटली. आमच्या फळ्यावरच्या अकरा जणांच्या आडनावासारखे तिचे एकटीचे नाव उरले.

आपल्याकडे मुलाला ‘वंशाचा दिवा’ म्हणतात. या दिव्यापायी आपल्या समाजात काय काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. गर्भाचे लिंग तपासून मुली जन्मण्याआधीच मारल्या जाऊ लागल्या, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. देशातला तो पहिला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. आता वरचा आकडा पुन्हा बघा. ज्या गावात प्रत्येकाला सरासरी एक मुलगा आहे, तिथेही दहा पिढ्यांत शंभरांतले चौऱ्याहत्तर दिवे विझतात. पाचपुते, सातपुते आणि अष्टपुत्रे यांचे पूर्वज त्यातल्या त्यात सुरक्षित. पण तेही पहिल्या पिढीपुरतेच.

शिवाय आडनाव बापाचेच चालले पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. स्पेनमध्ये माणूस बापाकडचे आणि आईकडचे अशी दोन आडनावे लावतो. ब्रह्मदेशात आडनावच नसते. आंग सान सू ची या नावात वडील, आजी आणि आई तिघेही आहेत. आइसलँडमध्ये योन याचा मुलगा योन्सन आणि मुलगी योन्सदोत्तिर, लग्नानंतरही तीच. तिथे आडनाव दर पिढीला नवे जन्मते, त्यामुळे बुडण्याचा प्रश्नच नाही. तमिळनाडूत १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत स्वाभिमान चळवळीने जातिवाचक नावे टाकून देण्याचा ठराव केला, आणि पुष्कळांनी ती खरोखर टाकली. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाने मला मात्र घरी गेल्यावर स्वस्थ बसू दिले नाही. माझ्या आजीचे, वडिलांच्या आईचे, माहेरचे आडनाव काय होते? पन्नाशीला आलो तरी मला ते ठाऊक नव्हते. लग्नात ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिले गेले तेव्हा तिचे पहिले नावही गेले आणि आडनावही. आईला विचारले, तिलाही सांगता येईना. शेवटी गावी आत्याला फोन लावला. आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे.

“अरे, तुला आता कशाला हव्यात त्या चौकशा?” ती म्हणाली. “ते घर केव्हाच मिटले. दोन मामा होते, दोघांना मुलीच. घराचे जोते तेवढे उरले आहे.” मग थोडा वेळ थांबून तिने ते आडनाव सांगितले. खाडीकाठच्या एका वाडीवरून पडलेले, ‘कर’ने संपणारे. मी ते प्रथमच ऐकत होतो.

हिशेब करायची सवय जात नाही. आजीच्या तंतुकणिका माझ्यात नाहीत. त्या वडिलांपर्यंत आल्या आणि थांबल्या. आत्यात त्या आहेत, आत्याच्या मुलीत आहेत आणि टोरांटोला शिकणाऱ्या नातीतही आहेत. तिचे आडनाव तिसरेच. गेल्या रविवारी ती फोनवर भेटली तेव्हा मी तिला ते आडनाव सांगितले. ती म्हणाली, “मामा, जरा सावकाश सांगा, लिहून घेते.”